साळ्याच्या खिशातला कापूस

माझ्या साळ्याइतका जिवाला जपणारा माणूस वणीपासून उमरखेडपर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि जीव कसा जपायचा हे त्याच्याइतकं कमी कळणाराही सापडायचा नाही. आम्ही तिघांनी मिळून केलेली शेवटची रोजची गोष्ट म्हणजे त्याच्या तेलावरून झालेलं भांडण. संध्याकाळी बायकोनं डाळीच्या पिठाचे गोळे घालून गोळाभात केला होता. त्यावर कडकडीत फोडणीचं तेल ओतल्याशिवाय तो घशाखाली उतरत नाही. साळ्याच्या ताटात तिनं अर्धाच चमचा ओतलं. त्यानं खिशातून कापसाचा बोळा काढला, भातावर ठेवला, दाबला, उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, "बाई, तू मले मारून राह्यली." ती म्हणाली, "मारायचं असतं त चार वर्सं चारलं असतं काय?" मी हसलो, म्हणून बहीणभाऊ दोघंही माझ्यावर उलटले. जेवणं झाली. तिनं त्याच्या तळहातावर गोळी ठेवली, पाणी दिलं आणि म्हणाली, "जीभ." साठी ओलांडलेल्या त्या माणसानं आ करून जीभ बाहेर काढली. तिनं नीट पाहिलं आणि झोपायला गेली.

हा बायकोचा धाकटा भाऊ. झरीकडे शेती, शेतात सगळा कापूस. घरात ना बायको ना लेकरू. एका हंगामात छातीत कळ आली. नागपूरला नेलं, आत स्प्रिंग बसवली. डॉक्टरनं सांगितलं, कोलेस्ट्रॉल वाढलं आहे, तेल-तूप कमी करा, गोळी रोज, न चुकता. महिनाभर आरामाला म्हणून तो आमच्याकडे राजूरला आला तो दोन जोड कपडे आणि दोन पोती कापूस घेऊन. त्या वर्षी भाव असा पडला होता की व्यापाऱ्याच्या काट्यावर कापूस टाकायला माणसाचा हात होत नव्हता. "त्याले फुकट देन्यापरीस बहिनीच्या घरी खाज सुटलेली बरी," म्हणाला. महिन्याची चार वर्षं झाली. घरात साठवलेल्या कापसाची खाज मात्र आम्हा तिघांनाही सारखी सुटली.

बोंडातून काढलेला कच्चा कापूस पाणी पीत नाही पण तेल सोडत नाही, हे त्यानं आपल्याच डोक्यानं शोधलं, आणि त्यात तो खोटा नव्हता. मी स्वतः करून पाहिलं आहे. तेव्हापासून भाजी असो, वरण असो, त्याचा बोळा आधी जेवायचा आणि मग तो. "बजारात याले कोनी पुसत नाही, आता माह्यासाठी राबते," म्हणायचा. वणीला एका लग्नात पंगतीत वांग्याची भाजी आली, वर बोटभर तर्री. यानं खिशात हात घातला आणि सगळ्यांसमोर कापूस पसरला. समोर एक म्हातारी बसली होती, तिला राहवलं नाही. "काहून रे बाप्पा, आत्ताच कापूस काढला? नाकात घालाले आमी हाव ना." सगळी पंगत हसली. साळा तर्री टिपत शांतपणे म्हणाला, "आजी, तो घाला लागू नये म्हूनच हा काढला." मी त्याच्या शेजारीच होतो. याला ओळखत नाही असं तोंड करून दोन वाट्या भाजी खाल्ली.

ते तेलकट बोळे टाकायचे कुठं? माझी बायको काही फेकणारी नव्हती. ती एका डब्यात जमवायची. आमच्याकडे शेगडी कोळशाची, आणि कोळसा काही लवकर धरत नाही. सकाळी खाली एक बोळा, वर कोळसा, काडी लावली की भडका. घरभर फोडणीचा वास, मग चहा. "आमचा चहा बापूच्या कोलेस्ट्रॉलवर होते," असं शेजारणींना सांगायची; भावाला ती बापू म्हणायची. मी तीस वर्षं खाणीत घातली, पण माझ्या कमाईचं तिनं असं कौतुक कधी केलं नाही.

आता एवढा तेलाला भिणारा माणूस गोळी तरी खात असेल की नाही? खात नव्हता. एकदा वातींसाठी म्हणून ती पोत्यातला कापूस घेऊन सरकी काढायला बसली, तर सरकीबरोबर गोळ्या निघायला लागल्या. पांढऱ्या कापसात पांढऱ्या गोळ्या, ओंजळभर. भावाला समोर बसवलं. तो जरासुद्धा लाजला नाही. त्याचा हिशेब कास्तकाराचा होता: ज्या दिवशी भजी खाल्ली त्या दिवशी गोळी, भाकर खाल्ली त्या दिवशी सुट्टी. "अळी दिसल्याबिगर फवारा मारून काय फायदा, बाई?"

"अळी दिसली तवा तुले नागपूरले न्या लागलं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून जीभ सुरू झाली. तो गोळी आधी गालात धरायचा, मग जिभेखाली ठेवायला शिकला. तीही शिकली. "वर कर," म्हणायची आणि जिभेखालीसुद्धा पाहायची. पुढच्या तपासणीत रिपोर्ट चांगला आला, तर यानं परतीच्या एसटीत कंडक्टरपासून मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना कापसाचा गुण सांगितला. ती खिडकीबाहेर पाहत बसली. संध्याकाळी फक्त म्हणाली, "जीभ."

आमच्या घरात छाती एकच होती, साळ्याची. तिच्या छातीचं कोणी विचारलं नाही. मीही नाही. गोळाभाताच्या दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही. माणसं जमली, तयारी सुरू झाली. कोणीतरी कापूस मागितला. साळ्याचा हात खिशात होता. तो तसाच उभा राहिला, हात काही बाहेर काढेना. घरात दोन पोती असताना कापूस शेजारणीच्या देवघरातून आणावा लागला. त्या संध्याकाळी त्याला गोळी कोणी दिली नाही. मला आठवलीही नाही, आणि आठवली असती तरी दिली नसती. खोटं कशाला बोलू, मला त्याचा राग आला होता. जपलेला राहिला होता आणि जपणारी गेली होती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोडणीच्या वासानं जाग आली. तसाच पडून राहिलो. डोळे उघडले तर कळेल, म्हणून उघडले नाहीत. मग साळा खोकला.

तो शेगडीपुढे उकिडवा बसला होता, शेजारी तिचा डबा उघडा. सुतकाच्या घरात इतक्यात विस्तव करू नये, असं शेजारीण दारातून सांगत होती. तो ऐकत नव्हता. त्यानं मला चहा दिला. काळा आणि नुसता साखरेचा पाक. मी प्यायलो. आदल्या दिवसापासून पोटात गेलेलं ते पहिलंच. मग त्यानं पाकिटातून गोळी काढली, तळहातावर ठेवली, पाण्याबरोबर गिळली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला काही कळेना.

"कालची राह्यली होती," तो म्हणाला. "पाहा ना, भाऊजी." आणि जीभ बाहेर काढली.

मी उशाशी हात घालून चष्मा शोधला, लावला.

"वर कर," म्हणालो.

त्यानं वर केली. खाली काही नव्हतं.