लाल दिव्यावरची देवी

माझी चूक आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना तोंड लपवावं लागणार नाही. गाडीतला जो लाल दिवा मला थांब म्हणत होता, त्याच्यावर मी देवीचं चित्र चिकटवलं होतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत मी नोकरीला होतो. हौसेनं एक जुनी गाडी घेतली होती. तिच्या वेग दाखवणाऱ्या काट्याच्या काचेमागे ब्रेकचा लाल दिवा होता. हँडब्रेक ओढला की लागायचा, सोडला की विझायचा. त्या उन्हाळ्यात तो हँडब्रेक सोडल्यावरही लागू लागला. आधी वळणावर, मग सरळ रस्त्यावरही. ब्रेक लागत होते, म्हणून दिव्याचं बटण बिघडलं असं मीच ठरवून टाकलं. शेजारी बसलेली बायको विचारायची, "अवं, हा दिवा काहून लागून राह्यला?" दोनदा मी काहीबाही सांगितलं. तिसऱ्यांदा खेकसलो, "तुला गाडीतलं काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी अंबडच्या देवीचं छोटं गोल चित्र आणून मी बरोबर त्या दिव्यावर लावलं. बायको हरखली. गाडीत बसली की वाकून चित्राला बोटं लावायची, ती कपाळाला टेकवायची. मला हायसं वाटायचं, आणि आतून लाजही वाटायची. तिच्या श्रद्धेनंच मी तिचं तोंड बंद केलं होतं.

नातवाचं जावळ काढायला आम्ही अंबडला निघालो. मागच्या सीटवर मुलगी, तिच्या मांडीवर बाळ. ऊन असं की काचेला हात लाववत नव्हता. अर्धा रस्ता सरला असेल, तोच उन्हानं चित्राचा डिंक सुटला आणि देवी हळूच घसरून माझ्या पायाशी पडली. तिच्यामागे झाकलेला दिवा लालभडक.

"थांबवा! पहिले गाडी थांबवा!" बायको ओरडली.

"अंबडला पोचल्यावर बघू."

"न्हाई! आत्ताच्या आत्ता थांबवा. देवी उगंच सुटली न्हाई."

तिचं समाधान व्हावं म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवला. पाय थेट तळाला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. आणि लांब समोर रस्ताभर मेंढरं. मागे बाळ होतं, एवढंच डोक्यात घुमत होतं. गिअर उतरवत गेलो, हँडब्रेक थोडा थोडा ओढत राहिलो. मेंढपाळानं काय ओळखलं कुणास ठाऊक, त्यानं आरोळी ठोकून कळप एका अंगाला दाबला आणि काठीनं नांगरलेल्या शेताकडे खूण केली. गाडी ढेकळांत शिरली, हेलकावली आणि थांबली.

त्यानं धावत येऊन चाकाखाली दगड लावला. आधी बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सायेब, मेंढरं पाह्यला इतक्या जवळ येत असत्यात व्हय?" मुलगी रडता रडता हसली. बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइलची डबी कोरडी ठणठणीत. इतके दिवस दिवा तेच सांगत होता. मेंढपाळानंच हात करून एसटी थांबवली. जावळ त्याच दिवशी झालं.

खरं ओझं पुढेच वाढलं. बायको पाहुण्यांना सांगायची, "यांनी गाडीत देवी बसवल्ती, म्हणून वाचलो." लोक माझ्याकडे आदरानं पाहायचे आणि मी गप्प राहायचो. देवीसमोर हात जोडले की डोळे मिटवत नसत. तिनं सावरलं हे मी मनापासून मानतो. पण शरण जायचं म्हणजे काय, हे मला उशिरा कळलं. तिच्या नावाखाली आपला हट्ट दडवणं म्हणजे शरण जाणं नव्हे. सावध करणाऱ्याचं निमूटपणे ऐकणं, हीदेखील तिचीच सेवा.

नवरात्रात अंबडला देवीच्या गडाच्या पायऱ्यांवर मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ओटीचं ताट पायरीवर ठेवलं.

"म्हंजे मी त्या दिव्याला हात लावून पाया पडत होते?"

"हो."

"अन् तुम्ही पाहत होते?"

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तू पहिल्यांदा विचारलंस, तेव्हाच मी गाडी थांबवायला पाहिजे होती. मला माफ कर."