हलक्या लागरची चिमूट

हलकी लागर बिअर करण्याइतकं कठीण काम जगात दुसरं नाही असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या मिरा-भाईंदरमध्ये एकच असेल, आणि ते नेमके माझे साडू निघाले. नवघरच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात दोन फ्रिज आहेत, एक भाजीचा आणि एक बिअरचा. त्यातला नवा कुठला हे सांगायला नकोच. निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, हे घरी बिअर करायला लागले. काळी बिअर कोणीही करेल, असं त्यांचं मत. तिच्या कडूपणात सगळे गुन्हे लपतात. हलकी लागर म्हणजे पांढरा सदरा. हॉप्स जरा जास्त पडले की डाग दिसलाच.

हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. बिअरला कडवटपणा आणि सुवास येतो तो त्यांच्यामुळे. वाळवून, दाबून केलेल्या त्यांच्या हिरव्या गोळ्या थेट माशांच्या खाद्यासारख्या दिसतात आणि साडूंच्या फ्रीझरमध्ये मटाराशेजारी झोपलेल्या असतात. पाकीट फोडलं की साडू दोन गोळ्या तळहातावर चुरडत, डोळे मिटून वास घेत, आणि मग तो हात समोर असेल त्याच्या नाकाखाली धरत. एकदा सिलिंडर द्यायला आलेला माणूसही सुटला नाही. तो म्हणाला, "साहेब, मेहंदी हाय का?" साडू दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. हॉप्स उकळायला लागले की वास जिन्यात जाई, म्हणून शेजाऱ्यांना काढा उकळतोय असं सांगून ठेवलेलं. समोरच्या गुजराती काकांनी एके दिवशी गुडघ्यांसाठी वाटीभर मागितला, तेव्हा ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीने, घाईघाईत आलं-गवती चहा उकळून दिला. काकांना गुण आला. पुढे वर्षभर तो काढा पुरवावा लागला.

मग गेल्या वर्षी साडूंना ताप आला. ताप चार दिवसांत गेला, पण जाताना वास घेऊन गेला. फोडणी करपली तरी त्यांना कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, काहींचा येतो. त्यातल्या 'काहींचा' या शब्दाने साडू खचले. महिनाभर बिअरचा फ्रिज रिकामा होता. त्यात ताईंनी कोथिंबीर ठेवली तरी ते काही बोलले नाहीत, तेव्हा आम्ही खरे घाबरलो.

शेवटी ताईच म्हणाल्या की करा एकदा, वास मी घेते. वास्तविक त्या बिअरला शिवत नाहीत आणि उकळताना खिडकी उघडून बसतात. मी मदतीला होतो. कडवटपणाचे हॉप्स साडूंनी वजनकाट्यावर मोजून आधीच टाकले. त्याला नाक लागत नाही. प्रश्न शेवटच्या चिमटीचा होता, गॅस बंद करताना सुवासासाठी पडते ती. दोन पाकिटं होती, एक जर्मन हॉप्सचं, एक चेक देशातल्या. साडूंनी दोन्ही हातांवर चुरडून ताईंपुढे धरले.

"कसा येतोय?"

"हा चांगला आहे."

"चांगला म्हणजे कसा?"

ताईंनी पुन्हा वास घेतला. बराच वेळ घेतला. मग म्हणाल्या, "ह्याला जुन्या चीजचा येतोय, हा टाकून द्या. आणि हा... पावसानंतर गवत कापतात ना, तसा. पण कमी टाका. हा पुढे पुढे करणारा आहे."

साडूंनी निमूटपणे अर्धीच चिमूट टाकली. पाच आठवडे फ्रिजमध्ये ठेवून बाटली उघडली तेव्हा इतकी स्वच्छ, इतकी हलकी बिअर त्यांच्या हातून कधी झाली नव्हती. मी तसं म्हणालो. त्यांनी ग्लासात नाक घातलं, बाहेर काढलं, आणि "छान आहे म्हणता ना, मग झालं," एवढंच बोलले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सकाळी त्यांचा फोन आला. ते समुद्रकाठच्या डोंगरी गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये होते आणि आवाज कापत होता. मला वाटलं, पडले की काय.

"साडूभाऊ," ते म्हणाले, "बोंबील."

"काय झालं?"

"सुके बोंबील. वाळत घातलेत बाहेर. येतोय वास."

बसमधले सगळे नाकाला रुमाल लावून बसले होते म्हणे, आणि हे खिडकीबाहेर डोकं काढून. मी फोन ताईंना जोडून दिला. ताई नुसत्या "बरं, बरं" म्हणत राहिल्या. मला तीन महिन्यांचं ओझं उतरल्यासारखं झालं.

ती बिअर तोवर आम्ही संपवली होती. हॉप्सचा सुवास टिकत नाही, ताजी असतानाच प्या, असं त्यांनीच बजावलं होतं. आपल्या हातच्या सगळ्यांत उत्तम लागरचा वास त्यांना कधी मिळालाच नाही. आता नाक पूर्ववत आहे, तरी शेवटची चिमूट टाकण्याआधी ते हात धुतात, तळहातावर दोन गोळ्या चुरडतात, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहतात आणि ताईंची भाकरी भाजून होईपर्यंत तळहात तसाच पुढे धरून थांबतात.