राजूबाईच्या नावाची ओवी

दुबलगुंडीत लग्न कुणाचंही असो, हळद कुटायला बाणूबाई लागायचीच. आणि बाणूबाई म्हटली की राजूबाई आलीच. एका उखळात दोघींची दोन मुसळं, एक वर तर एक खाली, आणि तोंडाने गाणं. राजूबाई ओळ टाकायची, बाणूबाई झेलायची. राजूबाई शेतकऱ्याच्या घरची, बाणूबाई धनगराच्या. बांधावर मेंढरं शिरली म्हणून दोन्ही घरांत कितीदा तरी जुंपली असेल, पण उखळापाशी या दोघींचा कधी वाद झाला नाही. तीसेक वर्षं हे असंच चाललं होतं.

त्यांच्या गाण्याला एक रीत होती. शेवटच्या ओवीत नाव घालायचं, पण आपलं नाही, जोडीदारणीचं. आधी राजूबाईने बाणूबाईचं घालायचं, मग बाणूबाईने राजूबाईचं. आपल्याच तोंडाने आपलं नाव गाणारीला गावात कुणी उखळाजवळ फिरकू दिलं नसतं.

तीन वर्षांमागे माणिकप्पांच्या घरच्या हळदीत एकाने मोबाईलवर व्हिडिओ काढला. राजूबाई मांडवाच्या खांबाआड गेलेली, बाणूबाई ऐन समोर. राजूबाईचा आवाज मात्र स्वच्छ आला होता:

हळद कुटू बाई, हात पिवळे मनगटी
बाणूबाई सखीचं नाव गाण्याच्या शेवटी

गावोगाव फिरला तो व्हिडिओ इथेच संपत होता. बाहेरच्यांना इथली रीत काय ठाऊक! शेवटी जिचं नाव तिचंच गाणं, असं त्यांनी धरून टाकलं. ‘बाणूबाईची हळद’ या नावाने ते बिदरपासून कलबुर्गीपर्यंत पोचलं. डीजेवाल्यांनी खाली ढोल घालून त्याचं रीमिक्स केलं. बाणूबाई चार महिने गावभर मिरवली, खोटं कशाला बोलायचं? राजूबाई मात्र त्या हळदीच्या दिवसापासून तिच्याशी एक अक्षर बोलली नाही, आणि पुढच्या वर्षी लेकीकडे, ज्योतीकडे, हुलसूरला राहायला निघून गेली. ‘कापलं त्या व्हिडिओवाल्यानं, अन् रुसली माझ्यावर,’ असं बाणूबाई स्वतःची समजूत घालायची. पण राजूबाई गेल्यावर तिने मुसळाला हात लावला नाही. ओळ टाकणारीच नाही, तर झेलायचं काय?

परवा तिची भाची रूपा आली. रूपा बिदरच्या मैलूर भागातल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत कामाला आहे.

“आत्या, एका कंपनीला तुज्या गाण्याचं सॅम्पल पायजे.”

“म्हंजे?”

“तुकडा. व्हिडिओतला तुकडा उचलून त्यांच्या नव्या गाण्यात घालणार. पण त्याला परवानगी लागती. गाणं रचणाऱ्याचा हक्क येगळा अन् रेकॉर्डिंगचा येगळा. ह्या फॉर्मात गीतकार कोण, गायक कोण, कुणाचा किती वाटा, समदं लिहून सह्या करायच्या. म्हंजे गाणं वाजलं की क्रेडिटमध्ये नाव येतंय, अन् रॉयल्टी बी घरी येतीय.”

“मंग राजूअक्काचं बी नाव लागंल की.”

“व्हय. अन् हे बघ, मी त्या व्हिडिओवाल्याकडनं मास्टर आणलंय. पयलं, न कापलेलं रेकॉर्डिंग.”

बाणूबाई ताठ बसली. न कापलेलं! म्हणजे तिची ओवी त्यात असणार. ती राजूबाईच्या कानाला लावायची, की तीन वर्षांचा रुसवा गेलाच. “लाव, लाव,” ती म्हणाली.

राजूबाईची ओवी आली. मग बाणूबाईची पाळी. तेवढ्यात व्हिडिओवाला म्हणाला, “इकडं बघा, मावशी.” आणि पडद्यावरच्या बाणूबाईने मुसळ थांबवलं, पदर सारखा केला आणि त्याच्याकडे बघून हसली. खांबाआडून राजूबाईचं मुसळ एकदा पडलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा पडलं. ती वाट बघत होती. मग कुणीतरी जेवायला हाक मारली आणि सगळ्या उठल्या. कुणी काही कापलं नव्हतं. ओवी गायलीच नव्हती.

बाणूबाईला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

“हुलसूरला चल,” ती रूपाला म्हणाली.

कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट; कंडक्टरने आधार कार्ड बघून बिनपैशाचं तिकीट फाडलं. बसवकल्याणला बस बदलली. वाटभर बाणूबाईचे ओठ हलत होते. राजूबाईने दारातूनच परतवून लावलं तर, ही एकच भीती मनात होती.

राजूबाई ओसरीत सूप घेऊन तूर निवडत होती. तिने मान वर केली, दोघींना पाहिलं आणि मान पुन्हा सुपात घातली. रूपा फॉर्म काढून समजावू लागली.

“गाणं तिच्याच नावचं हाय की,” राजूबाई रूपालाच म्हणाली. “मला कामून इचारायलीस?”

“अक्का,” बाणूबाई म्हणाली, “कुणी कापलं न्हाई गं. मीच इसरले. मोबाईलकडं बघून हसत बसले. तू तीनदा मुसळ मारून थांबलीस माझ्यासाठी. मला ते आज दिसलं.”

राजूबाई तूर निवडत राहिली. उखळ नव्हतं, मुसळ नव्हतं. बाणूबाई खालीच बसली, मूठ वळून फरशीवर ठोका धरला आणि फाटक्या आवाजात गायली:

हळद झाली बारीक, हाताचा रंग जाईना
राजूबाईवाचून मला गाणं गाता येईना

सुपातला हात थांबला. राजूबाईने पदराने डोळे पुसले, तेही जरा रागानेच.

“एवढी एक ओवी म्हणायला तीन वर्सं लागली व्हय गं?” ती म्हणाली. “सूर बी उतरलाय तुजा. सरक हिकडं.”

गीतकार म्हणून बाणूबाईने राजूबाईचं एकटीचं नाव सांगितलं. राजूबाईने ते चालू दिलं नाही. “टाकायला एक लागती, झेलायला एक लागती. दोघींचं लिही, सारखं लिही.” मग चष्मा लावून तिने सावकाश सही केली.

रूपाने हळूच सांगितलं, “आत्ताची ओवी बी मी मोबाईलमध्ये टिपलीय. ही बी धाडू कंपनीला?”

“हिचा हक्क कुणाचा?” राजूबाईने विचारलं.

“आत्यानं रचली, म्हंजे आत्याचा.”

“न्हाई. नाव माझं हाय तिच्यात. ही माझी. ही कुणाला द्यायची न्हाई.” तिने मोबाईल काढून घेऊन पदराखाली धरला आणि बाणूबाईकडे वळली.

“म्हण पुन्यांदा.”