पेटीवाल्यांनी निवडलेला पियानो

नातीला नांदेडच्या शाळेत घातलं, तेव्हा तिच्यासोबत राहायला कुणीतरी हवं होतं. मुलगा आणि सून धर्माबादला असतात. त्यांचं दुकान तिथं, शेत तिथून जवळ. म्हणून आम्ही दोघं म्हातारे दोन खोल्या भाड्यानं घेऊन तिच्यासोबत राहायला आलो. आमच्याकडं आता घरोघर हेच चाललंय. लेकरं शिकायला नांदेडला नाहीतर लातूरला, आणि त्यांना भाकरी करून घालायला आज्या. संध्याकाळी आमच्या गल्लीत खाली येऊन बसलं तर आयांपेक्षा आज्याच जास्त दिसतात.

नातीच्या शाळेतल्या एक बाई संध्याकाळी आपल्या घरी पियानो शिकवतात. मैत्रिणीबरोबर ही बघायला गेली आणि तिथलीच झाली. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. ते नव्हतं. घरी पियानो नाही म्हणून तिनं एका लांब पुठ्ठ्यावर पट्ट्या काढल्या, काळ्या पट्ट्या पेनानं रंगवल्या आणि ते जमिनीवर अंथरून वाजवायला लागली. तोंडानं गुणगुणायचं आणि बोटं पुठ्ठ्यावर फिरवायची. मी भाकरी थापता थापता बघायची.

एकदा मी म्हटलं, "आवाज न येणारं वाजवून काय मिळतं गं तुला?"

"मला येतोय की ऐकू," ती म्हणाली.

"डोक्यावर परिणाम झालाय," मी म्हटलं, पण पुठ्ठ्यावर कुणी पाय देणार नाही एवढं बघत गेले.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. त्या फिरवून बोलल्या नाहीत, ते मला आवडलं. म्हणाल्या, "हिची बोटं चांगली आहेत. पण पुठ्ठ्यावर जेवढं शिकता येतं तेवढं तिचं शिकून झालंय. सुट्टीनंतर तिनं मला दोन्ही हातांनी वाजवून दाखवायचं. नाही आलं तर मी तिला पुढं घेणार नाही. माझ्याकडं जागा थोड्या आणि थांबलेली मुलं पुष्कळ."

नातीनं मान खाली घातली. बाईंनी मग काय घ्यायचं तेही सांगितलं. पूर्ण लांबीचा, वजनदार पट्ट्यांचा साधा डिजिटल पियानो. उचलून नेता येतो, शिकणाऱ्यांना परवडेल असा मिळतो. त्यात गाणी आणि ठेके किती आहेत ते बघू नका, म्हणाल्या. पट्ट्या बघा.

घरी येताना आमचे हे खूश. हे म्हणजे माझा नवरा. गावाकडं भजनात पेटी वाजवण्यात त्यांचा जन्म गेला. भाता मारून मारून डाव्या दंडाला गोळा आलाय, तो अजून लेकराबाळांना दाबून बघायला देतात.

"पट्ट्याच बघायच्या ना? मग बाकी कुणी बोलायचं न्हाई," ते म्हणाले.

"बाईंनी वजनदार सांगितल्यात," नात म्हणाली.

"अगं, पट्टी ती पट्टी. पेटी काय अन् पियानो काय. सगळा सुरांचा कारभार."

दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता, बोलायला गोड. त्यानं आधी बाईंनी सांगितला तसला पियानो दाखवला. काळा, लांबलचक, बिनबटणांचा. ह्यांनी चष्मा पुसला, बसले, आणि एक पट्टी दाबून धरली. पेटीवाले असंच बघतात. एक सूर दाबायचा आणि तो कसा उभा राहतो, हलतो का, फाटतो का ते ऐकायचं. पियानोचा सूर ठणकन आला आणि हळूहळू विरत गेला. ह्यांचं बोट पट्टीवरच होतं. सूर गेला.

हे दुकानदाराकडं बघून म्हणाले, "मेला."

"काय झालं काका?"

"सूर मेला की. मी बोट उचललंच न्हाई अजून."

"काका, पियानोचा सूर..."

"थांब, दुसरी बघतो." दुसरी दाबली. तीही विरली. मग तिसरी. हे एकेक पट्टी दाबत डावीकडून उजवीकडं निघाले, आणि प्रत्येक पट्टीला बाजारात सडका कांदा वेगळा काढावा तशी मान हलवत होते. "सगळ्याच मेल्यात. दम न्हाई ह्याच्यात. दुसरं दाखवा."

दुकानदारानं दोनदा तोंड उघडलं, ह्यांनी दोनदा मिटायला लावलं. शेवटी त्यानं गिऱ्हाइकाला हवं ते दिलं. आखूड, हलका, बटणांनी भरलेला कीबोर्ड काढला आणि त्यावर पेटीचा आवाज लावला. ह्यांनी पट्टी दाबली. सूर उभा राहिला तो राहिलाच. ह्यांचा चेहरा उजळला.

"ह्याला म्हणायचं बाजा!"

मी चौथी शिकलेली. पेटीतलं मला कळत नाही, पियानोतलं तर त्याहून नाही. हा हलका होता, स्वस्त होता आणि जिना मला चढायचा होता. मीही मान डोलावली. नात एवढंच म्हणाली, "आबा, बाईंनी दुसरा सांगितला होता." हे म्हणाले, "बाईंना दुकानातला माल काय माहीत?"

घरी आणला आणि सण झाला. ह्यांनी ढोलकीचं बटण शोधून काढलं. ठेका सुरू झाला, वर पेटीचा आवाज, आणि भाता मारायचा नाही म्हणून डावा हात रिकामा. त्या हाताचं काय करावं ते ह्यांना कळेना, तर ते त्यानं टाळ वाजवल्यासारखं करायला लागले. खालच्या घरमालकीणबाई वर आल्या, शेजारची आजी आली, तिची नातवंडं आली. मी चहा ठेवला. कुणी बटण दाबून रेल्वेचा आवाज काढला, कुणी कुत्र्याचा. इतकं हसणं त्या खोलीत आधी झालं नव्हतं.

नात भिंतीला टेकून बसली होती. सगळे गेल्यावर तिनं पुठ्ठा अंथरला.

मी विचारलं, "आता काहून गं? खरा आणलाय की."

"त्याच्यात होत न्हाई आजी."

"काय होत न्हाई?"

"हळू."

मला समजलं नाही. तिनं माझा हात धरून कीबोर्डजवळ नेलं. "हळूच दाब." मी दाबली. पॅं. "आता जोरात." मी भाकरीसारखी थाप मारली. पॅं. तेवढाच आवाज. चिडून मूठ हाणली, तरी तेवढाच.

"बाईंच्या पियानोवर हळू दाबलं की हळू येतं, जोरात दाबलं की जोरात," ती म्हणाली. "सगळं गाणं त्याच्यातच असतंय. हे म्हणजे मोबाइलवर नंबर दाबल्यासारखं हाय. अन् पट्ट्या इतक्या हलक्या हायत, की ह्याच्यावर शिकले तर तिथं बोटं चालणार न्हाईत."

"मग दुकानात तोंड शिवलं होतं का?"

"आबा खूश होते."

मला राग आला. आबा खूश राहावेत म्हणून ही पोरगी आपली जागा घालवणार होती. मी ह्यांना हाक मारली.

"अहो, उठा. उद्या बाजा परत द्यायचाय."

"का? काय बिघडलं?"

"काय न्हाई बिघडलं. तुम्ही स्वतःसाठी घेतलाय तो."

त्यांनी उठून बाजाचं बटण बंद केलं. मग म्हणाले, "वापरलेला माल घेत असतोय का कोण परत?"

इथं माझी एक सवय कामाला आली. आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लॅस्टिक मी काढू देत नाही. रिमोट प्लॅस्टिकमध्ये, खुर्च्या प्लॅस्टिकमध्ये, मिक्सरच्या अंगावरचा कागदही तसाच. सून हसते. कीबोर्डलाही पातळ प्लॅस्टिक होतं, आणि ते ह्यांनी काढायला घेतलं तेव्हा मी हातावर चापट मारली होती. ढोलकी, रेल्वे, कुत्रा, सगळा खेळ प्लॅस्टिकवरूनच झाला होता. खोकं पलंगाखाली, थर्मोकोल खोक्यात.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानं कीबोर्ड उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "आजी, हा तर वापरलाच नाही तुम्ही."

"रात्रभर वाजलाय," मी म्हटलं. "पण बदलून दे. वरचे पैसे माझा मुलगा मोबाइलवरून टाकतोय."

तो हसला आणि बदलून द्यायला तयार झाला. मग त्याला वाटलं आता मोठं गिऱ्हाईक सापडलं. लाकडी पायांचा, कपाटाएवढा पियानो दाखवायला लागला. मी म्हटलं, "हे सुट्टीत धर्माबादला कोण नेणार, तू? लेकरू जाईल तिकडं बाजा गेला पाहिजे. उचलता येईल असा दाखव." त्यानं दोन काढले. दोन्ही पूर्ण लांबीचे, दोन्ही पिशवीत मावणारे. पहिला हलका होता. दुकानदार म्हणाला, ह्याच्याही पट्ट्या वजनदारच आहेत.

मी ह्यांना हात लावू दिला नाही. नातीला म्हटलं, "बस. आता तू बोलायचं."

तिनं पहिल्यावर थोडं वाजवलं आणि मान हलवली. "ह्याच्या पट्ट्या स्प्रिंगसारख्या उडतात." दुसऱ्यावर बसली. आधी अगदी हळू वाजवलं. रस्त्यावरच्या ऑटोच्या आवाजात ते ऐकू येईना म्हणून मी पुढं झुकले. मग तिनं हात जड केला, आणि तोच बाजा दुकानभर झाला. आमच्या घरात पुठ्ठ्यावर जे चाललं होतं ते असं होतं तर. मी ते पहिल्यांदा ऐकत होते. पोरगी हसत होती, आणि वाजवताना आपण हसतोय हे तिला कळतही नव्हतं.

"हा," ती म्हणाली.

हे मागं उभे होते. राहवेना. म्हणाले, "चांगला हाय. पण सूर मरतोय, ते मी अजूनबी म्हणणार."

दुकानदारानं खाली वाकून एक लहानसं पायडल वायरीनं जोडलं. "काका, बसा. पट्टी दाबा, पाय ह्याच्यावर दाबून ठेवा, आणि बोट उचला."

ह्यांनी तसं केलं. बोट उचललं. सूर राहिला, लांबला, आणि मग आपल्या चालीनं विरत गेला. ह्यांनी पुन्हा केलं. पुन्हा. मग तीन पट्ट्या एकदम, पाय दाबून. हात मांडीवर ठेवून ऐकत बसले.

"असं व्हय! मग हे काल का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही बोलू दिलं का काका?"

मी जोरात हसले. नातही हसली. हे पाय काढेनात, शेवटी त्यांना खुर्चीवरून उठवावं लागलं.

बाजाचं वजन गव्हाच्या अर्ध्या कट्ट्याएवढं भरलं. भरलेला कट्टा मी ह्या वयात ओढते, तेव्हा ह्याचं काय. जिन्यात पुढून हे, मागून मी, आणि मध्ये नात, "भिंतीला लागू देऊ नका, भिंतीला लागू देऊ नका" असं ओरडत. बसायची जागाही बाईंनी सांगितली होती तशी केली. कोपर पट्ट्यांच्या बरोबरीला यायला हवं. टेबल उंच पडत होतं, म्हणून खुर्चीवर गोधडी घडी करून टाकली. मालकीणबाईंना त्रास नको म्हणून पोरगी कानाला हेडफोन लावून वाजवायची. आम्हाला नुसती पट्ट्यांची ठकठक. मुलाचा फोन आला, "वाजतोय का नीट? ऐकव की." मी फोन बाजाजवळ धरला. तो म्हणाला, "आई, कुणी सुपारी फोडून राहिलं काय?"

सुट्टीत बाजा धर्माबादला गेला. जावई यावा तसा घरात आला. सुनेनं त्याच्यासाठी खाट झटकली. पाहुण्यांसमोर कानाला काही न लावता वाजवायचं, असं मी नातीला सांगितलं, म्हणजे बाईंपुढं हात कापणार नाहीत. पहिल्या दिवशी ती पुन्हा पुन्हा अडली. नंतर माझ्या धाकट्या जावेनं मध्येच मिरच्यांचा भाव विचारला तरी तिचा हात थांबला नाही.

सुट्टी संपली आणि आम्ही बाईंच्या दारात गेलो. बाईंनी नातीला आत घेतलं, आम्हाला बाहेर पायरीवर बसवलं. दार उघडंच होतं. तिनं सुरू केलं, आणि एका जागी चुकली. थांबली. ह्यांनी माझा दंड इतका जोरात धरला की मी हात झटकला. तिनं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली, दोन्ही हातांनी, आधी हळू, मग जड हातानं, आणि शेवटपर्यंत गेली.

मग बाईंचा आवाज आला, "कुठल्या पट्ट्यांवर सराव केलास?"

"वजनदार," नात म्हणाली.

"कळतंय. चूक झाल्यावर घाबरायचं नाही, तेवढं शिक. सोमवारपासून पुढच्या मुलांबरोबर बस."

मला वाटलं आता ती बाहेर येईल. ती आली नाही. आतून विचारलेलं ऐकू आलं, "पुढचा धडा आजच सांगता का?" आणि बाई हसल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवातही केली. म्हणजे आणखी बसणं आलं. पायरी थंडगार होती, पण मला उठावंसं वाटत नव्हतं.

हे थोडे जवळ सरकून हळू आवाजात म्हणाले, "मलाबी घेतील का गं ह्या बाई?"

"आधी आत जाऊन सांगा, सूर मेला म्हणून," मी म्हटलं. "मग बघू घेतात का ते."