काळं मंजन, पांढरं मंजन

तात्यांची पंच्याहत्तरी आहे, चार ओळी लिहून द्या, असं गौरव-अंक काढणाऱ्या मंडळींनी सांगितलं. शाळा मला दुसरीपर्यंतच. गोड लिहिणं जमणार नाही.

भोरात तात्या वैद्यांकडे मी पहिल्यांदा गेले ती दाढ धरून. भाटघरहून चालत आले होते, डोकं ठणकत होतं. तात्यांनी तोंडात पाहिलं आणि विचारलं, "दात कशानं घासता?"

"राखुंडीनं."

"चुलीत काय जाळता?"

"तात्या, दाढ दुखतीय माजी. चुलीचं काय करायचंय तुमाला?"

ते रागावले नाहीत. लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत ठेवला आणि म्हणाले, "रोज खरखरीत राख घासून दात झिजवलेत. आज दाढ गेली, उद्या शेजारची जाईल." पुढे माझे मालक वारले. तेव्हा तात्यांनीच निरोप धाडून मला औषधं कुटायला ठेवलं. उपकार केल्याचं कधी तोंडावर आणलं नाही.

त्यांच्याकडे मंजनाची पारख कडक. मी कुटून कापडातून गाळलेली पूड ते चिमटीत घेऊन दातांत चावून बघत. जरा कचकच लागली की "परत गाळा". मला राग येई. एकदा पुण्याचा एक विक्रेता लाल सुवासिक मंजनाच्या डब्या घेऊन आला. तात्यांनी चिमूटभर पूड पितळी तांब्यावर घासली. तांब्याला ओरखडे उठले. "याने भांडी चांगली निघतील," म्हणाले आणि डबी परत दिली. गिऱ्हाइकाला त्यांचं सांगणं एकच असे : वासाला आणि रंगाला भुलू नका, मऊ आहे का बघा, आणि घासल्यावर तोंडाला बधिरपणा येत असेल तर ते मंजन नव्हे, व्यसन आहे.

हे शेवटचं बोलणं होतं मिशरीबद्दल. आमच्याकडच्या बाया तव्यावर तंबाखू जाळून तिची काळी भुकटी सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना चोळतात. माझी थोरली जाऊ त्यात सगळ्यांच्या पुढं. तिच्या गालाला आतून पांढरा चट्टा उठला, तिखट सोसेना, म्हणून मी तिला तात्यांकडे आणलं. तात्यांनी बोटानं चट्टा चाचपला. "मिशरी आजपासून बंद. नाही केलीत तर हे जिवावर बेतेल."

"आन मग परसाकडं कसं व्हायचं?" जाऊबाई म्हणाल्या. "मिशरीबिगर मला सकाळी उठल्यावानीच वाटत न्हाई."

तात्यांनी आपलं मंजन दिलं. बाभळीच्या सालीचा कोळसा, सैंधव, हिरडा. काळंभोर. जाऊबाई ते नेमानं नेऊ लागल्या, वर चार बायांना सांगू लागल्या. भाटघरहून मागणी वाढली. तात्यांना बरं वाटलं. पण चट्टा काही कमी होईना, उलट त्याला कडा आल्या. तेव्हा तात्यांनी त्यांना घरची डबी घेऊन यायला सांगितलं. डबी उघडली, वास घेतला.

"यात तंबाखू कोणी घातली?"

"तुमचंच मंजन हाय की, तात्या!" मग मान खाली घालून म्हणाल्या, "जरा मिसळली. निसत्याला तरतरी न्हाई येत. समद्याच मिसळत्यात. काळ्यात काळं, कुणाला दिसतंय?"

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "कोळसा बंद." मग खडूची भुकटी, सैंधव, थोडी तुरटी आणि लवंग असं पांढरं मंजन आम्ही करू लागलो. त्यात मिशरी टाकली की लगेच दिसते. घरातला पोर किंवा नवराही ओळखेल. बायांनी नाकं मुरडली, "ह्ये तर भिंतीला लावायचं!" विक्री निम्म्यावर आली. मी म्हणाले, काळंही ठेवू. तात्या म्हणाले, "नाही."

जाऊबाईंना पांढऱ्याचा उपयोग झाला नाही, फार उशीर झाला होता. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातून परत पाठवलं. शेवटी तोंड उघडेना, कापसाच्या बोळ्यानं पाणी पिळत होतो. तात्या तेव्हा उन्हातून चालत भाटघरला आले, उंबऱ्यापाशी बसले. "माझ्या काळ्या मंजनानं त्यांना आडोसा दिला," एवढंच बोलले. मी म्हणाले, आडोसा तिनं शोधला, तुम्ही दिला नाहीत. त्यांना ते पटलेलं नाही. अजून नाही.

लोक सुधारले असं मी इथं लिहिणार नाही. तवे तसेच तापतात. जाऊबाईंची लेक सखू विंझरला दिली आहे. आईला तसं मरताना बघूनही सासूबरोबर मिशरी लावते. आता म्हणते, गालात आग होते. येत्या बाजाराला मी तिला ओढत भोरला आणणार आहे. तात्यांना आता नीट दिसत नाही, पण बोटाला कळतं.

तात्यांना अजून पुष्कळ वर्षं मिळोत, अंगात ताकद राहो, ते बोट थरथरू नये. आणि कुणाच्या तरी गालावरून ते फिरवून "काही नाही, घरी जा" असं म्हणायला त्यांना मिळो. ती पहिली बाई आमची सखू असो.