आईच्या वाटचं गरम पाणी

आईच्या वर्षश्राद्धासाठी आम्ही मांडव्याहून हरिहरेश्वरला निघालो, तेव्हा बोटीवर बाबा आणि मी अशी दोघंच होतो. बाबांचा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी शिडाची बोट घेतली, तेव्हा आईने एकच अट घातली होती, "रोज गरम पाण्याने आंघोळ मिळणार असेल तर येते." मग बाबांनी इंजिनाशेजारी एक टाकी बसवली. इंजिन चाललं की त्याच्या उष्ट्या उबेवर टाकीतलं पाणी तापायचं आणि सकाळपर्यंत गरम राहायचं.

दिवसभर वारा चांगला होता. इंजिनाला हात न लावताच रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी पोचलो, नांगर टाकला. सुकत घातलेल्या मासळीचा वास बोटीपर्यंत येत होता. मी चहा ठेवला, तोच खालून इंजिनाची धडधड सुरू झाली.

"बाबा, आता कशाला?"

"पाणी तापवतोय."

मला वाटलं, माझ्यासाठी. टॉवेल घेऊन उठले तर म्हणाले, "आत्ता नको. सकाळी लागेल." कोणाला, ते सांगितलं नाही. स्वतः मात्र डेकवर बादलीभर गार पाणी अंगावर घेऊन मोकळे झाले.

उजाडताना पंपाच्या घरघरीने जाग आली. बोटीवर नळ सोडला की हा पंप चालतो. न्हाणीचं दार लावलेलं होतं, आत शॉवर चालू होता, फटीतून वाफ येत होती. बाबा आंघोळ करत असतील म्हणून कूस बदलली, तर बाबा समोरच. दाराबाहेर खाली बसलेले, कोरडे, डोकं दाराला टेकवून.

 मग आत कोण?

"झालं का गं?" त्यांनी दाराकडे तोंड करून हळूच विचारलं.

मी उठून दार ढकललं. आत कोणीच नव्हतं. आरसा वाफेने आंधळा झाला होता, खुंटीवर आईचा निळा टॉवेल होता.

"मला वेड नाही लागलेलं," बाबा म्हणाले. "ती गेली, ते ठाऊक आहे मला. पण पाणी वाहतंय तेवढा वेळ ती आत असते."

 मी आत गेले, दार लावून घेतलं आणि आहे त्या कपड्यांनिशी त्या पाण्याखाली उभी राहिले. थोड्या वेळाने बाहेरून पुन्हा आलं, "झालं का गं?"

"आलेच," मी म्हणाले. माझा आवाज आईसारखा आहे, असं सगळे म्हणतात. 

हरिहरेश्वरला श्राद्ध नीट पार पडलं. परतताना पुन्हा रेवदंड्यालाच थांबलो. संध्याकाळ झाली तरी बाबा इंजिनाकडे फिरकले नाहीत.

"आज पाणी नाही तापवायचं?"

"नको," ते समाधानाने म्हणाले. "त्या दिवशी तिने उत्तर दिलं ना."

मला आत जाताना त्यांनी पाहिलं होतं. दार माझ्याच हाताने लागलं होतं.  तेव्हापासून बोटीवर बाबांनी काही विचारलं, की मी आधी घसा खाकरून आवाज माझा करून घेते आणि मगच ओ देते.