‘भरड’ नावाचा इंटरफेस

सूनबाई बंगळूरला गेली तेव्हापासून संध्याकाळी कॉम्प्युटर उघडला की शेजारची खुर्ची मी आपली उगाच ओढून ठेवते. त्या खुर्चीत बसून तिनं माझा प्रोग्राम वाचवला होता, त्याची ही गोष्ट.

मी प्रोग्रामिंग शिकले तीच मुळी पन्नाशीनंतर, सांगलीत घरी बसून, व्हिडिओ बघत. आटपाडीकडच्या एका जनावरांच्या डॉक्टरांना मेंढरांच्या लसीकरणाचा प्रोग्राम करून दिला होता. कुणाच्या कळपाला कुठली लस कधी दिली, हे डेटाबेसला विचारायचं. त्या विचारण्याला सिलेक्ट क्वेरी म्हणतात. एरवी छान चालायचा हो, पण गर्दी वाढली की मध्येच गोठायचा. एकदा मी तिथंच होते. बाहेर कळप उन्हात उभे. एक धनगर आजोबा खिडकीतून डोकावले, “आवं ताई, तुमचं यंत्र रवंथ करतंय व्हय?” सगळे हसले. मीही हसले. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. “काकू, पुढच्या खेपेला असं झालं तर हे बंद. मी आपला हातानं लिहीन.”

सूनबाई मलकापूरची, नोकरी कॉम्प्युटरचीच, तेव्हा आमच्याकडं सांगलीतच राहायची. रविवारी माझा कोड वाचायला बसली.

“आई, प्रत्येक क्वेरीला तेच तेच? डेटाबेसशी कनेक्शन उघडा, क्वेरी पाठवा, आलेल्या माहितीची एकेक ओळ घ्या, कनेक्शन बंद करा?”

“अगं, एकदा चाललं म्हणून तेच उचलून चिकटवलं सगळीकडं.”

“मध्येच काही चुकलं की बंद करायची ओळ चालतच नाही. अशी उघडी कनेक्शनं साठली की नवं मिळत नाही. मग गोठणारच की.”

तिचा उपाय असा. उघडणं-बंद करणं एकाच ठिकाणी लिहायचं. आपण फक्त क्वेरी द्यायची आणि आलेल्या ओळीचं काय करायचं ते सांगायचं. ते सांगायला फंक्शनल इंटरफेस, म्हणजे ज्यात एकच काम असतं असा कोडमधला साचा. मला एकदम वाईची, माहेरची पिठाची गिरणी आठवली. पट्टा चढवणं, मोटर चालू-बंद करणं सगळं गिरणीवाल्याकडं. आपण डबा पुढं करायचा, तो विचारणार, “भरड का बारीक?” एवढंच.

“मग ह्याचं नाव भरडच ठेवू,” मी म्हणाले.

“ऑफिसात असलं नाव दिलं तर मला घरी पाठवतील, आई.”

“मग ये की घरी. पिठलं टाकते.”

नाव तेच राहिलं. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी आम्ही एकेक क्वेरी काढून बसायचो. पानभर कोड दोन ओळींत मावायचा. “पुसा आता जुना,” ती म्हणायची, आणि माझा हात काही उठायचा नाही. धडपडत शिकताना लिहिलेलं होतं ना ते! मग ती मुद्दाम चहा ठेवायला उठायची. तेवढ्यात मी पुसून टाकायची.

पुढच्या लसीकरणाला मी सकाळपासून डॉक्टरांच्या टेबलाशी, जीव मुठीत धरून. कळपामागून कळप गेले, स्क्रीन कुठंच अडला नाही. डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, “काकू, आता शेळ्यांचंही यातच घ्या की.”

मी बाहेर येऊन सूनबाईला फोन लावला.

“शेळ्या?” ती केवढ्यांदा ओरडली! “थांबा आई, एकट्या सुरू करू नका. मी आलेच.”